सामन्याचा निकाल आणि घरातील शांतता

(वार्षिक क्रीडा स्पर्धांच्या बक्षीस समारंभानंतर झालेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



‘क्रीडा आणि चारित्र्य’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी मुख्याध्यापकांची सूचना होती. या विषयावर आपण दरवर्षी काही ना काही ऐकत असता. खेळाने शरीर सुदृढ होते, शिस्त लागते, संघभावना वाढीस लागते, हे सारे खरे आहे आणि त्याविषयी माझे दुमत नाही. परंतु खेळाचा आणखी एक परिणाम आहे, जो मैदानावर दिसत नाही. तो घराच्या चार भिंतींच्या आत दिसतो, आणि तोही खेळणाऱ्याच्या नव्हे, तर खेळ पाहणाऱ्याच्या घरात. आपला आवडता संघ जिंकला किंवा हरला, की काही घरांतील स्त्रिया आणि मुले त्याची किंमत मोजतात. त्या किमतीविषयी मी आज बोलणार आहे.

विषय ऐकून काही पालकांना नवल वाटले असेल. कुठे मैदान आणि कुठे माजघर! पण जगातील काही विद्वानांनी या प्रश्नाचा पोलिसांच्या नोंदी घेऊन अभ्यास केलेला आहे. त्यांनी काय पाहिले, ते प्रथम थोडक्यात सांगतो.

इंग्लंडच्या वायव्य भागात लँकेशायर नावाचा परगणा आहे. तेथील लँकेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी २००२, २००६ आणि २०१० या तीन विश्वचषक फुटबॉल स्पर्धांच्या काळातील पोलिसांच्या नोंदी तपासल्या. २०१४ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. इंग्लंडचा संघ जिंकला किंवा सामना बरोबरीत सुटला, त्या दिवशी घरगुती अत्याचाराच्या तक्रारी इतर दिवसांच्या मानाने २६ टक्क्यांनी वाढलेल्या आढळल्या. संघ हरला, त्या दिवशी ही वाढ ३८ टक्के होती. सामन्याच्या दुसऱ्या दिवशीदेखील तक्रारी ११ टक्क्यांनी अधिक होत्या. एक गोष्ट मात्र येथे ध्यानात ठेवली पाहिजे. या तीन स्पर्धांत मिळून इंग्लंडने खेळलेले सामने अवघे १४ आणि परगणाही एकच. म्हणून हा आकडा सर्व जगाला लावता येणार नाही.

दुसरा अभ्यास अमेरिकेतील आहे. डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तो केला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध केला. यांपैकी कार्ड यांना पुढे २०२१ मध्ये, मजुरीविषयक संशोधनाबद्दल, अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो खेळ आपल्या फुटबॉलहून निराळा. तेथील सहा संघांचे १९९५ ते २००६ या बारा वर्षांतील सामने त्यांनी घेतले आणि त्या त्या भागातील पोलिसांच्या नोंदींशी ते ताडून पाहिले. प्रत्येक सामन्यापूर्वी कोण जिंकणार याचा अंदाज तेथील सट्टेबाजारात जाहीर होत असे. त्यावरून लोकांची अपेक्षा काय होती, हे त्यांना कळू शकले. त्यांना असे आढळले, की हमखास जिंकणार असे वाटत असलेला आपला संघ हरला, तर पुरुषाने घरात पत्नीवर किंवा मैत्रिणीवर हात उगारण्याचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांनी वाढते, आणि ही वाढ सामना संपण्याच्या सुमाराच्या थोड्या वेळातच दिसते. सामना चुरशीचा होईल अशी अपेक्षा असताना हार झाली, तर तसा परिणाम ठळकपणे दिसत नाही. आणि हरणार असे वाटत असलेला संघ अचानक जिंकला, तर घरातील मारहाण कमी होते काय? तर नाही, कमी होत नाही. विद्यार्थी मित्रांनो, याचा अर्थ नीट समजून घ्या. अपेक्षाभंगाचे दुःख घरात वाटले जाते. अनपेक्षित आनंद मात्र त्या प्रमाणात घरापर्यंत पोहोचत नाही.

तिसरा अभ्यास इंग्लंडमधील मँचेस्टर परिसराचा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील संशोधकांनी तो २०२१ मध्ये पुढे मांडला. २०१२ ते २०१९ या काळातील मँचेस्टरच्या दोन मोठ्या फुटबॉल क्लबांचे सामने त्यांनी घेतले आणि तासातासाचा हिशेब मांडला. सामना चालू असलेल्या दोन तासांत जोडीदारावरील अत्याचार सुमारे ५ टक्क्यांनी कमी होतात, असे त्यांना दिसले. कारण उघड आहे, माणूस सामना पाहण्यात गुंतलेला असतो. पण सामना संपल्यावर हे प्रमाण चढू लागते आणि दहाएक तासांनी सर्वांत वर पोहोचते. ही सारी वाढ दारू प्यालेल्या पुरुषांमुळे होती, आणि संध्याकाळी सातच्या आत सुरू झालेल्या सामन्यांच्या दिवशी होती. कारण सामना लवकर संपला, की पिण्यास रात्र मोकळी मिळते. अनपेक्षित निकालाचा म्हणण्यासारखा परिणाम त्यांना आढळला नाही.

याच सुमारास वॉरिक विद्यापीठातील संशोधकांनी वेस्ट मिडलंड्स या भागातील नोंदी तपासल्या. इंग्लंडचा राष्ट्रीय संघ मोठ्या स्पर्धेत जिंकला, की दारूशी संबंधित घरगुती अत्याचाराच्या तक्रारी ४७ टक्क्यांनी वाढतात, असे त्यांना आढळले. लक्षात घ्या, ही वाढ हरल्यावरची नव्हे, जिंकल्यावरची आहे.

आता कोणी विचारील, की या विद्वानांचे आपसातच जुळत नाही. एक म्हणतो हरल्यामुळे, दुसरा म्हणतो जिंकल्यामुळेही, तिसरा म्हणतो निकालाशी संबंध नाही, दारूशी आहे. मग आम्ही मानायचे काय? हा प्रश्न रास्त आहे. आकडे डोळे मिटून घेऊ नयेत, हे मी वर्गातही सांगत असतो. जानेवारी १९९३ मध्ये अमेरिकेत अशी बातमी पसरली होती, की ‘सुपर बोल’ या अंतिम सामन्याचा रविवार हा स्त्रियांना मारहाण होण्याचा वर्षातील सर्वांत वाईट दिवस असतो. वॉशिंग्टन पोस्ट या वृत्तपत्राच्या केन रिंगल नावाच्या वार्ताहराने मूळ आधार शोधला, तेव्हा त्या विधानामागे भक्कम पुरावा नसल्याचे उघड झाले. अशा अतिशयोक्तीने खऱ्या प्रश्नाचेच नुकसान होते. लोक म्हणू लागतात, की हे सारे थोतांडच आहे.

परंतु वरील अभ्यास शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर त्यांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. निकाल कधी हरण्याचा असतो, कधी जिंकण्याचा. हात मात्र घरातल्या माणसावरच पडतो. एकच गोष्ट हरल्यावरही घडते आणि जिंकल्यावरही घडते, तर तिचे मूळ निकालात कसे असेल? निकाल ही ठिणगी आहे. ठिणगी ओल्या लाकडावर पडली तर विझते आणि सुक्या गवतावर पडली तर पेट घेते. ज्या घरात पुरुषाने हात उगारणे हे चालण्यासारखे मानले गेले आहे, तेथे सामना नसला तर भाजीत मीठ कमी पडणे पुरते, पगार उशिरा होणे पुरते. त्या घराला रोजच निमित्त मिळत असते.

आपल्याकडे एक समजूत आहे, की राग आंधळा असतो. मला ती पटत नाही. ज्या गृहस्थाचा संघ रात्री हरला, तो दुसऱ्या दिवशी कामावर साहेबाच्या अंगावर जातो काय? रिक्षा थांबवणाऱ्या पोलिसावर हात टाकतो काय? शेजारच्या आडदांड माणसाशी भांडण उकरून काढतो काय? नाही. तेथे त्याचा राग अगदी डोळस असतो. समोरच्याचे वजन, पद आणि ताकद तो बरोबर ओळखतो. जेथे उलट हात येणार नाही, जेथे बोभाटा होणार नाही, तेथेच तो राग येऊन कोसळतो. मग ‘माझा तोल गेला’ असे म्हणण्यात काय अर्थ उरतो? तोल जाणारा माणूस कोठेही पडतो. जागा निवडून पडत नाही.

इंग्लंड-अमेरिकेचे हे सांगून मी आपला वेळ का घेतो, असे कोणास वाटेल. ती पिणाऱ्यांची कहाणी आहे, आपल्या समाजात दारू निषिद्ध आहे, तेव्हा हा प्रश्न आपला नव्हेच, असेही काही पालक मनात म्हणत असतील. त्यांना मी नम्रपणे दोन गोष्टी सांगू इच्छितो. पहिली गोष्ट, निषिद्ध असणे आणि नसणे यांत अंतर असते, ते आपण सर्व जाणतो. त्यावर अधिक बोलत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आपल्या देशाच्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांना पतीकडून होणाऱ्या मारहाणीविषयी व जुलमाविषयी विचारले गेले. सुमारे २९ टक्के स्त्रियांनी तो सोसल्याचे सांगितले. ज्यांचे पती वारंवार दारू पिऊन झिंगतात, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ७० टक्के होते. यावरून दारू किती घातक आहे ते दिसतेच. पण ज्यांचे पती दारूला स्पर्शही करीत नाहीत, त्यांच्यातही हे प्रमाण सुमारे २३ टक्के होते. म्हणजे जवळजवळ दर चार घरांत एक. ज्या घरात बाटली नाही तेथे मारही नाही, असे समजून आपण स्वस्थ बसू शकत नाही.

सामन्यांचे वेडही आपल्याला परके नाही. इंग्लंडात जे फुटबॉलचे, ते आपल्याकडे क्रिकेटचे. १३ मार्च १९९६ रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डनवर विश्वचषकाचा उपांत्य सामना चालू होता. भारताची हार दिसू लागताच प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, आगी लावल्या आणि सामना श्रीलंकेला बहाल करावा लागला. मार्च २००७ मध्ये विश्वचषकात बांगलादेशाकडून हार झाल्यावर महेंद्रसिंग धोनी यांच्या रांचीतील बांधकाम चालू असलेल्या घरावर लोकांनी हल्ला केला. १९ नोव्हेंबर २०२३ ची रात्र तर आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. ओळीने दहा सामने जिंकून भारत अहमदाबादला अंतिम सामन्यात उतरला होता. विजय आपलाच, असे धरून गल्लोगल्ली पडदे लागले होते, आणि ऑस्ट्रेलियाने सहा गडी राखून सामना जिंकला. अमेरिकेतील त्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ज्याला अनपेक्षित हार म्हटले, ती याहून निराळी काय असणार? स्टेडियममधल्या बाटल्या सर्वांनी पाहिल्या, कारण तेथे कॅमेरे होते. घरात कॅमेरे नसतात. त्या रात्री आपल्या घरात कोण कोणाशी कसे बोलले, जेवणाची ताटे कशी वाढली गेली, मुले कधी झोपली, हे ज्याने त्याने आपल्याशीच आठवून पाहावे.

मी शिक्षक आहे, म्हणून मुलांकडून जे कळते ते सांगतो. एका मोठ्या सामन्याच्या दिवशी मी वर्गात सहज विचारले, की आज सामना कोण कोण पाहणार? सर्वांचे हात वर झाले. एका मुलाचा झाला नाही. मला वाटले, त्याला क्रिकेट आवडत नसेल. मधल्या सुटीत तो म्हणाला, “सर, मी मॅच बघत नाही. शेवटी फक्त कोण जिंकलं ते विचारतो. हरली असेल तर मी आणि माझी बहीण नानीकडे झोपायला जातो.” हे त्याने रडत सांगितले नाही. पावसाळ्यात छत्री घ्यावी लागते, इतक्या सहजपणे सांगितले. त्याचे नाव किंवा मोहल्ला मी सांगणार नाही आणि कोणी विचारूही नये. बारा वर्षांच्या मुलाने आपल्या घरातले हवामान ओळखण्याची रीत शोधून काढली होती, एवढेच मला दाखवायचे आहे. इतर मुले धावा मोजत होती, त्या वेळी तो आपली आई आज सुरक्षित आहे की नाही याचा हिशेब करीत होता. अशा मुलाचे दुसऱ्या दिवशी गणितात लक्ष लागत नाही, म्हणून आपण त्याला आळशी ठरवू नये.

माता-भगिनींना मला येथे काही सांगायचे आहे. ‘आज अब्बांचं डोकं ठिकाणावर नाही, गप्प बसा,’ असे आपण मुलांना सांगता. त्या क्षणी मुलांना वाचवण्यासाठी ते आवश्यकही असेल, आणि त्याबद्दल मी आपणास दोष देत नाही. दोष मारणाऱ्याचा असतो, सोसणाऱ्याचा नव्हे. पण मूल त्यातून दोन धडे घेते. मुलगा शिकतो, की पुरुषाचा राग हा पावसासारखा आहे, तो येणारच, बाकीच्यांनी आडोसा शोधावा. मुलगी शिकते, की आडोसा शोधणे हेच आपले काम आहे. हे धडे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत, तरी ते सर्वांत पक्के पाठ होतात. म्हणून मारहाण होत असेल, तर ती ‘घरातली गोष्ट’ म्हणून झाकून ठेवू नये.

कायदाही तिला घरातली गोष्ट मानीत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ मध्ये झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू आहे. तो सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. त्यात पत्नीच नव्हे, तर आई, बहीण, मुलगीही येते. अंगावर हात टाकणे एवढ्यालाच तो अत्याचार म्हणत नाही. शिवीगाळ व अपमान, घरखर्चाचे पैसे अडवणे, लैंगिक जबरदस्ती, हेही त्यात आहे. प्रत्येक जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात, दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, आणि स्त्रीला घराबाहेर न काढण्याचा आदेश मिळू शकतो. वकिलाची फी परवडत नसेल, म्हणून कोणी मागे राहू नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळण्याची तरतूद आहे. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. विद्यार्थ्यांनी हे तीन क्रमांक वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावेत. स्वतःला लागले नाहीत तर उत्तमच. एखाद्या मैत्रिणीला लागू शकतील.

आता पुरुष पालकांना, म्हणजे माझ्याच भावांना, दोन शब्द. सामना पाहू नका, असे मी म्हणत नाही. मी स्वतः क्रिकेटचा शौकीन आहे. पण सामना पाहायला बसण्यापूर्वी मनाशी एवढे ठरवावे, की मैदानावर काहीही झाले, तरी या घरातील माणसांना त्याची झळ लागणार नाही. सामन्यावर पैसे लावू नयेत. पैसे लागले, की हार दुहेरी होते, आणि त्या दुसऱ्या हारेचा वसूल घरातूनच काढला जातो. राग अनावर होतो असे वाटले, तर उठून बाहेर जावे, चार फेऱ्या माराव्यात, पाणी प्यावे, डोके शांत झाल्यावर घरात यावे. यात पुरुषपणा कमी होत नाही. आणि आपल्या मित्राच्या घरातून असे आवाज येत असतील, तर ‘त्यांचे ते बघतील’ असे म्हणू नये. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्याला बाजूला घेऊन स्पष्ट बोलावे. बायकोचे ऐकत नाही, तो माणूस अनेकदा मित्राच्या शरमेला घाबरतो.

शेवटी शाळेच्या कामाविषयी. आज ज्या संघांना बक्षिसे मिळाली, त्यांचे अभिनंदन. पण आज जे हरले, त्यांच्याकडे मी अधिक लक्ष देऊन पाहत होतो. कबड्डीच्या अंतिम सामन्यात दोन गुणांनी हरलेल्या मुलांनी सामना संपताच विजयी संघाशी हस्तांदोलन केले. खो-खोमध्ये हरलेल्या मुलींपैकी एक रडत होती, तिच्या खांद्यावर तिच्या कप्तान मुलीने हात ठेवला होता. हार पचवण्याचे हे शिक्षण मैदानावर मिळते. नुसते पडद्यासमोर बसून ते मिळत नाही. जो स्वतः खेळला आणि हरला, त्याला ठाऊक असते की हारेत अपमान नसतो. म्हणून पालकांना माझी विनंती आहे, की मुलांना खेळू द्या, आणि मुलींनाही खेळू द्या. सातवीनंतर मुलींचे मैदान बंद करू नका. जी मुलगी मैदानावर पडते, उठते आणि पुन्हा धावते, ती पुढे आयुष्यातही खाली मान घालून अन्याय सोसणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही उद्या घरकर्ते व्हाल. तेव्हाही सामने होतील आणि तुमचे संघ कधी जिंकतील, कधी हरतील. त्या रात्री तुमच्या मुलांना निकाल विचारून मगच घरात पाऊल टाकावे लागू नये, एवढी एक गोष्ट तुमच्या हाती राहील.